राखून तोड

आमच्या सिंधुदुर्गात खासगी जंगलाचा व्यवहार बहुतेक वेळा उक्ता होतो. ठेकेदार एक दिवस येतो, मालकाबरोबर पायवाटेने डोंगराच्या कमरेपर्यंत चढतो, तिथून एकदा नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते, इसार दिला जातो, स्टँपपेपरवर सह्या होतात. मग दिवाळीनंतर ट्रक लागतात आणि शिमग्यापर्यंत डोंगर भादरून होतो. साग, ऐन, किंजळ सॉ मिलला जातात. बाकीचं जाडबारीक सगळं सरपण म्हणून घाट चढून वीटभट्ट्यांना आणि बॉयलरना. जमीन मालकाचीच राहते. खुंटांना फुटवे येऊन आठ-दहा वर्षांत ते पोटरीएवढे झाले, की दुसरा कुणीतरी त्याच पायवाटेने चढतो आणि दुसरा आकडा सांगतो.

मीही याच धंद्यातला. फक्त मी उक्तं घेत नाही, निवडून तोडतो. बांबूची बेटं साफ करायची, सागाच्या दाट लागवडीत विरळणी करायची, मिश्र जंगलातली तयार झालेली झाडं तेवढी काढायची, असली कामं घेतो. चार-पाच माणसं, दोन मशीन (चेनसॉला इथे सगळे नुसतं मशीनच म्हणतात), कोयते, कुऱ्हाडी, दोरखंड आणि मिळाली तर भाड्याची बैलजोडी, एवढाच माझा पसारा. नातेवाईक ओळख करून देताना ‘लाकडाचा धंदा करतो’ म्हणतात. निसर्गप्रेमी पाहुणे ते ऐकून किंचित मागे सरतात.

त्यांच्या मागे सरण्याला कारण आहे. जंगल ठेकेदाराने महाराष्ट्रात नाव कमावलंय ते काही बरं नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय, त्यांना डहाणू-तलासरीच्या वारल्यांकडून वेठ आणि कवडीमोल मजुरीवर काम करून घेणारे सावकार, जमीनदार आणि ठेकेदार आठवत असतील. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या करायला घेतल्या, त्या मधल्या या माणसाला बाजूला करून तोडीचं काम थेट तोडणाऱ्यांच्या हाती जावं म्हणूनच. सरकारी जंगलातून ठेकेदार बराचसा गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा, त्यामुळे इथे तो राहिला. माझ्यावर कुणी संशय घेतला तर मी रागावत नाही. खुंट बघायला चला म्हणतो.

खुंट बघण्यात खरी मेख आहे. सरकारी पद्धतीत तोडायच्या झाडावर खूण करतात, हॅमर मारतात. मी राखायच्या झाडांवर करतो. तोडायच्या झाडांवर खुणा केल्या आणि मजुरांनी मधलं एखादं जादा झाड पाडलं, तर नुसतं रान बघून ते कुणाला कळत नाही. राखायच्या झाडाला खूण असली की चोरी लपत नाही. मात्र ती दोन ठिकाणी हवी. छातीच्या उंचीवर चुन्याचा पट्टा, आणि अगदी मुळाशी, करवत लागते त्याच्या खाली, रंगाचा ठिपका. झाड गेलं तरी ठिपका खुंटावर राहतो. मालकाने तोड संपल्यावर नुसतं खुंट मोजत फिरावं. ठिपक्याचा एक जरी खुंट सापडला तरी माझे पैसे कापावेत, असं मी करारात लिहून देतो.

पहिल्यांदा हे एका म्हाताऱ्या काकींना समजावत होतो. त्यांनी पानाची चंची बाजूला ठेवून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तोडूक इलंस आणि राखूच्यो गजाली कित्याक करतंस?” मी सांगितलं, काकी, राखलेलं परत दहा वर्षांनी मलाच तोडायला मिळेल. “तवसर मी काय जगतंय?” म्हणाल्या, आणि वर, “पैशे कधी गावतले ता सांग.” काम मिळालं, पण माझ्या विचारांवर खूश होऊन नव्हे. उक्त्यावाल्याने त्यांच्या दिराला एकदा फसवलं होतं, म्हणून.

कागदांचं थोडं सांगतो. ते कंटाळवाणं आहे, पण धंद्याचा अर्धा वेळ तिथेच जातो. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा जाती आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिवळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खाडीकाठची तिवरं. यातलं झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. त्याआधी सातबारावर १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याचा शेरा आहे का ते बघायचं. असला तर तिथेच हात जोडायचे. मग हद्द, पंचनामा, वनपालांची भेट, वाहतुकीचा पास. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली तोडीवर बंदी घातली. माझी तिथली कामं बंद झाली. तरी बंदी योग्यच होती असं मला वाटतं. त्या पट्ट्यातले डोंगर ज्या वेगाने उघडे पडत होते आणि रबर-अननसाखाली जात होते, त्याला निवडून तोडणारे आम्ही दोन-चारजण पुरे पडणार नव्हतो.

पण अनुसूचीत नसलेल्या झाडांकडे बघा. बेहडा नाही, उंबर नाही, वड-पिंपळ नाहीत, सातवीण नाही, काटेसावर नाही. यादी करणाऱ्यांनी लाकूड, फळ आणि बाजार पाहिला असावा. धनेशाने यादी केली असती तर ती नेमकी उलट झाली असती. त्याला खायला उंबर आणि वडाची फळं लागतात, आणि घरटं करायला जुनाट, मोठी ढोली असलेलं झाड. बेहड्याचं असलं तर उत्तमच. मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि मातीने दार लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते. तिला आणि पिल्लांना नर त्या फटीतून आठवडेच्या आठवडे भरवत राहतो. हे सगळं घडतं माघ-फाल्गुनापासून पुढे, म्हणजे आमची मशीनं ऐन भरात असतात तेव्हा. पोकळ झाडाला सॉ मिल विचारत नाही. ते टनावर भट्टीला जातं, आणि पोकळ असल्यामुळे वजनातही मार खातं. उक्त्या तोडीत तरी ते जातंच, कारण उक्तं म्हणजे सगळं. माझ्या करारात पहिली अट असते: ढोलीचं झाड राहील, उंबर-वड राहतील, वहाळाच्या दोन्ही काठांचं काहीही निघणार नाही. मालकाचा तोटा काढून बघितलाय. पोकळ बेहड्याचे पैसे एखाद्या जेवणावळीलाही पुरायचे नाहीत. तरी या अटीवर सर्वांत जास्त वाद होतो. फुकट उभं राहणारं झाड माणसाला का खुपतं कोण जाणे.

बांबूवर मात्र मी मनापासून बोलू शकतो. आमच्या पट्ट्यात माणगा होतो. भरीव, सरळ, बिनकाट्याचा. कुडाळ-सावंतवाडीकडे बांधाबांधावर आहे. द्राक्षाला, टोमॅटोला आधार म्हणून घाटावर ट्रक भरून जातो. १९२७च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू झाडांमध्येच धरला होता. नोव्हेंबर २०१७मध्ये ती व्याख्या दुरुस्त झाली आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्यातून सुटला. तेव्हापासून आमच्या धंद्याला जरा श्वास घेता आला.

माणग्याचं बेट कसं तोडलंय यावरून तोडणाऱ्याची जात कळते. पावसाळ्यात कोंब येतात ते बेटाच्या कडेने, बाहेरच्या अंगाला. दोन-तीन महिन्यांत पुरी उंची गाठतात, पण पोरकट असतात; पक्कं व्हायला तीन वर्षं लागतात. म्हणजे कडेला कोवळे आणि पोटात म्हातारे. आळशी माणूस कोयता घेऊन कडेनेच सुरू होतो, कारण तिथे हात पोचतो. कोवळ्या काठ्या जातात, त्या बाजारात पिचतात, कीड लागून त्यांचं पीठ पडतं. आत म्हातारे बांबू एकमेकांत अडकून वाळतात. चार वर्षं असं तोडलं की बेट कोंब देईनासं होतं. मालक म्हणतो, जमीन संपली. जमिनीला काही झालेलं नसतं.

आम्ही एका बाजूने, शक्यतो जिथे कोंब कमी आलेत तिथून, आत शिरायची वाट करतो. वरून बघितलं तर बेट घोड्याच्या नालासारखं दिसावं. मग मधूनच काम करायचं. यंदाचा बांबू ओळखायला सोपा: अंगावर पांढुरकी पूड, पेरांवर कोष अजून चिकटलेले, फांद्या जवळजवळ नाहीत. दुसऱ्या वर्षाचा हिरवागार तुकतुकीत. तिसऱ्या वर्षापासून हिरवा रंग मळतो, पांढरट बुरशीचे ठिपके धरतात, कोयत्याच्या पाठीने ठोकला तर आवाज टणक येतो. तिसऱ्या वर्षापुढचे काढायचे, आणि तेही सगळे नाहीत. कोवळ्यांना टेकायला काही जुने लागतात, नाहीतर पुढल्या पावसातल्या वाऱ्यात ते आडवे होतात. घाव जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या अगदी लगत घालायचा. पेराच्या वर चार बोटं जरी नळी शिल्लक राहिली तरी तिचा पेला होतो, त्यात पाणी साठतं, आणि कुजकी खाली कंदात उतरते. माझ्याकडे एक गडी आहे, त्याचा कोयता एकदाही पेर चुकत नाही. घाव बसल्यावर तो अंगठ्याने कड चाचपतो, खात्री करतो, मगच बांबू ओढतो. त्याला मी इतरांपेक्षा जास्त मजुरी देतो. इतरांना ते ठाऊक आहे, आणि का ते विचारायची त्यांना गरज वाटलेली नाही.

पावसाच्या चार महिन्यांत बेटाला हात लावायचा नाही, हे पक्कं. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या काठीला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. खरंखोटं मी तपासलेलं नाही. अमावास्या धरून काम लावलं की मालक खूश असतो आणि माझा काही खर्च होत नाही, म्हणून पाळतो. काम सुरू करण्यापूर्वी राखणदाराला नारळ आणि गाऱ्हाणं, हेही तसंच. नाही म्हणायला त्या गाऱ्हाण्यात काय तोडणार आणि काय नाही ते मोठ्याने बोललं जातं. स्टँपपेपरपेक्षा माझे गडी त्या शब्दाला जास्त घाबरतात.

सागाची गोष्ट वेगळी. १९९०च्या दशकात सागाच्या लागवडीचं खूळ आलं होतं. वीस वर्षांत लाखाचे किती होतील याच्या जाहिराती पेपरात भरभरून यायच्या. शेवटी सेबीला असल्या सामूहिक योजनांसाठी १९९९ साली नियम करावे लागले. पैसे गुंतवणारे बुडाले ते बुडाले, पण त्या हवेत पुष्कळांनी स्वतःच्या वरकस जमिनीत दोन मीटरवर दोन मीटर साग लावले, म्हणजे एकरी हजार झाडं. लावायला सगळ्यांनी सांगितलं, काढायला कुणीच सांगितलं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी आणि पुन्हा दहाव्याच्या आसपास निम्मी-निम्मी काढली तर उरलेली जाड होतात. न काढल्यामुळे तीस वर्षांची झाडं आज मांडीएवढीही नाहीत, उंच काठ्या नुसत्या. एका निवृत्त गुरुजींच्या सागात उभा राहून मी हे सांगत होतो. “अरे, एक रोप मेलं तेव्हा मी दुसरं आणून लावलं,” ते म्हणाले, “आणि तू निम्मी काढ म्हणतोस?” मी म्हटलं, गुरुजी, वर बघा. शेंड्याला पानांची मूठभर टोपली होती आणि उजेड खाली उतरत नव्हता. ते बराच वेळ वर बघत राहिले. पुढच्या वर्षी बोलावलं.

आता मापाचं. लाकूड घनफुटात मोजतात, पण पद्धत चौथाईची: ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. घेर चार फूट आणि लांबी दहा फूट असली तर हिशेब येतो दहा घनफूट. आता शाळेत शिकवलेलं वर्तुळाचं गणित लावा, येतात पावणेतेरा. म्हणजे खरं लाकूड जेवढं, त्यातला पाचव्या हिश्शाहून जास्त भाग कागदावर येतच नाही. ही सूट चिरकामात वाया जाणाऱ्या लाकडासाठी, असं व्यापारी सांगतात. पण भुसा आणि बाकं मिल फुकट टाकून देत नाही. मीही मालकाला चौथाईनेच पैसे देतो, कारण मिल मला चौथाईनेच देते. फक्त हे गणित मालकाला आधी वहीत करून दाखवतो. बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं. उक्त्यात तर मापच नसतं, त्यामुळे हा प्रश्नही नसतो.

माल खाली आणायचा कसा, यावर माझी आणि मिलवाल्यांची कायमची तक्रार. जेसीबी लावला तर तासाभरात डोंगरावर रस्ता होतो, ट्रक वर चढतो, मजुरी वाचते. त्या रस्त्याचा मृग लागताच वहाळ होतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्यावर मातीचं अस्तर ते केवढं, कुठे हातभर, कुठे वीतभर; एकदा वाहून गेलं की खाली सडा. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हापासून वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून आंदोलनं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तो गाळ वर कुठे माती म्हणून होता, त्याची चर्चा तेवढी झाली नाही. आम्ही ओंडके जागेवरच लहान कापतो, बैलांनी नाहीतर दोरखंडाने जुन्या पायवाटेपर्यंत ओढतो, तिथून खांद्यावर. काम संपताना ओढवाटेला जागोजागी तिरके चर मारतो आणि वर टाळ अंथरतो, म्हणजे पाणी बाजूला फुटतं. टाळाचे ढीग मात्र ठेवायचे नाहीत. फाल्गुनात वणवा लागला तर ढिगाजवळचं राखलेलं झाडच आधी जळतं.

हे सगळं महाग पडतं. बैल कमी झालेत, बैल हाकणारे त्याहून कमी. मजूर मिळत नाहीत म्हणून सगळेच ओरडतात, पण कोळशाच्या भट्ट्यांवर आजही कातकरी कुटुंबं उचल घेऊन, पोराबाळांसकट, कर्जात अडकून राबताना दिसतात. मी उचल देत नाही, आठवड्याला रोख देतो. परिणाम असा, की एखादा गडी दुसरीकडे जास्त मिळालं की सोमवारी येत नाही. जाऊ दे. तो येत नाही म्हणजे तो मोकळा आहे. पण या पायी काम रखडतं, आणि मालकाला फोनवर उत्तरं द्यावी लागतात.

आणि मालक म्हणजे एक माणूस नव्हे. सातबारावर आजोबांच्या नावाखाली चौदा-पंधरा सहहिस्सेदार. निम्मे मुंबईत, दोघं बडोद्याला, एक चुलती माहेरच्या नावाने लागलेली. निवडून तोडीचे पैसे हप्त्याने येतात. या वर्षी थोडे, पाच-सात वर्षांनी आणखी थोडे. ते पंधरा ठिकाणी वाटायचे कसे? उक्त्याचा एकरकमी आकडा एका बैठकीत वाटून मोकळं होता येतं. माझ्या हातची बहुतेक कामं इथे गेली आहेत. दरात हरलो असं क्वचितच झालं. डोंगर उघडे पडतात त्याला लोभ कारण आहेच, पण माझ्या पाहण्यात त्याहून मोठं कारण आहे न झालेली वाटणी. हे निसर्गावरच्या भाषणांत कुणी बोलत नाही.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या कोकणी वाचकांना एवढंच सांगायचंय. गणपतीला गावी याल तेव्हा कुणीतरी स्टँपपेपर घेऊन पडवीत येईल, कारण त्या पाच दिवसांत सगळे हिस्सेदार एका छपराखाली सापडतात. तेव्हा सही करू नका. दिवाळीनंतर एक दिवस काढून या, डोंगर स्वतः चढा, बरोबर एखादा जाणता म्हातारा घ्या. ढोलीची झाडं, उंबर, वहाळाचे काठ यांची यादी करारात लिहून घ्या. खूण मुळाशीही करायला लावा, पैसे मापावर घ्या, आणि जेसीबी चढणार नाही असं एक वाक्य घाला. काम मला दिलं नाहीत तरी चालेल.